मामूंची बारीक तार

मामू आमच्या घरी आले की कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी फ्यूज काढून हुंगायचे. चिनीमातीचा तो पांढरा तुकडा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि मग निदान सांगायचं. "काळा पडलाय, वासबी करपट. म्हंजी कुठंतरी तारंला तार भिडलीया." किंवा, "तार मधीच वितळलीया, बाकी समदं साफ. म्हंजी तुमी एकदम लई दिवं लावलं." निदान कधी चुकत नसे. आमच्या आळीतले वैद्यबुवा नाडी बघून जे सांगत, त्यातलं निम्मं देवाच्या हवाल्यावर असे. मामूंचं तसं नव्हतं.

त्यांचं खरं नाव भोरात फारसं कुणाला ठाऊक नसावं. गावात नुकती कुठे घरोघर वीज येत होती तेव्हाची ही गोष्ट. संस्थानच्या वीजखात्याचा परवाना असलेले ते वायरमन. फ्यूज गेला की "मामूंना बोलवा", आणि फ्यूज तर ऊठसूट जायचे, म्हणून सगळ्या गावाचे ते फ्यूजमामू. उंच, काटकुळे, अंगात बारा महिने खाकी कोट आणि त्या कोटाच्या दुसऱ्या बटणाभोवती फ्यूजची बारीक तार गुंडाळलेली. बटण असं दिसायचंच नाही. एकदा मामींनी कोट धुवायला काढताना ती तार कचरा समजून फेकून दिली, तर मामू दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "माज्या कोटाला हात लावू नगं."

मी कामथडीची. माहेरी रॉकेलची चिमणी, फार तर पाहुणे आले तर कंदील. लग्न होऊन भोरला आले ती एकदम बटणाच्या दिव्यातच. माझे यजमान शाळेत मास्तर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, बस्स. पहिल्याच दिवशी मी ओटीवरचं बटण खाली केलं, दिवा लागला. वर केलं, गेला. मला इतकी मजा वाटली की दहा-बारा वेळा तेच केलं. शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, "अगं पुरे! तो काय खुळखुळा आहे?" मी ओशाळले, पण आमच्याकडे पासलीहून तांदूळ घेऊन येणारे एक काका होते, त्यांनी तर दिव्याच्या काचेला विडी लावून पाऊण तास पेटायची वाट बघितली होती. त्या मानानं मी शहाणीच म्हणायची.

आता सासूबाईंचं सोवळं. ते इतकं कडक की मामूंना पडवी ओलांडून आत पाऊल टाकायची सोय नव्हती. हे सांगताना आज माझी मान खाली जाते, पण तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं हेही खरं. त्यामुळे मीटर, मेन स्विच आणि फ्यूज हे सगळं त्यांनी पडवीत बसवलं होतं. पण दिवे तर आत, स्वयंपाकघरात आणि देवघरात! वीज पहिल्यांदा आली तेव्हा तारांच्या लाकडी पट्ट्या ठोकायला सासूबाईंनी आपल्या भावकीतला, सुतारकाम येणारा एक जण उभा केला होता, आणि मामू बाहेरून त्याला सांगत होते. तो पुढे मुंबईला गेला. मग आतला दिवा बिघडला की काम कोण करणार? आमच्या मास्तरांचं पाठांतर दांडगं, पण होल्डरला हात लावायचा म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. राहता राहिले मी.

आणि असं आमचं शिक्षण सुरू झालं. मामू पडवीत उकिडवे बसलेले, मी देवघरात स्टुलावर, मध्ये दोन भिंती. ते ओरडून सांगायचे, मी करायची. त्यांना माझं काम दिसत नसे आणि मला त्यांचं तोंड दिसत नसे.

"सूनबाई, तारंचं टोक स्क्रूखाली घाला."

"घातलं, मामू!"

"कसं घातलं?"

"नुसतं खुपसलं."

"न्हाई, न्हाई! नुसतं खुपसायचं न्हाई. अंबाडा घालता न्हवं? तसा वळसा द्या तिला स्क्रूभवती. मग आवळा. फिरकीच्या तांब्याचं झाकान लावता तसं. हळू! मोडंल!"

सासूबाई जपमाळ ओढता ओढता पुटपुटायच्या, "अंबाडा काय, तांब्या काय, वीज आहे का संसार आहे?" पण मला ते बरोबर कळायचं. मास्तरांनी जे पुस्तकातून समजावलं असतं ते डोक्यावरून गेलं असतं, हे मात्र बोटांत बसलं.

मी स्टुलावर चढायच्या आधी मात्र मामूंचा एक नेम कधी चुकला नाही. मेन बंद करायचा, फ्यूज उपसून काढायचा आणि तो स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकायचा. नुसतं बटण बंद करून त्यांचं समाधान होत नसे. "बटान काय, कुणीबी येतंय आन दाबतंय. फ्यूज माज्या खिशात हाय तोवर तुमी बिनघोर. आनि ध्यानात ठिवा, मी नसंन तवा फ्यूज तुमच्याच खिशात पायजे; दुसऱ्याच्या खिशात आसंल तर दिव्याला हात लावायचा न्हाई. मंग त्यो माणूस कितीबी आपला आसू द्या." मी पुढे जन्मभर हा नेम पाळला. माझ्या मुलांना त्याचा वैताग येई, आला तर येऊ दे.

मामूंचा संताप व्हायचा तो जाड तारेवर. फ्यूज सारखा जातो म्हणून लोक त्यात काय वाट्टेल ते कोंबायचे. धान्याच्या दुकानदारानं खिळा घातला होता. चहावाल्यानं सायकलच्या चाकाचा आरा. एका बाईंनी तर केसांतला आकडा! असं काही सापडलं की मामू ते भर रस्त्यात उंच धरून दाखवायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे. "मरायचं आसंल तर नीरा नदी हाय की पल्याड! घर कशाला जाळताय?" एरवी गरीब गाय, पण खिळा बघितला की त्यांच्या अंगात यायचं.

मी एकदा त्यांना विचारलंच. "मामू, तुटणारीच तार कशाला घालायची? चांगली मजबूत घातली तर सारखा हेलपाटा तरी वाचेल तुमचा."

ते माझ्याकडे, म्हणजे बहुधा पडवीच्या भिंतीकडे, बघून म्हणाले, "सूनबाई, भिंतीतली तार जळली तर तुमाला दिसंल का? ती पट्टीच्या आत, वर लाकूड, त्याच्यावर माळा, माळ्यावर तुमचं गवत-गोवऱ्या. तिथं जळण्यापरीस ही हितं जळू द्या की. चिनीमातीच्या डबीत, डोळ्याम्होरं. ही जळायलाच ठिवलीया. फ्यूज उडाला म्हंजी वाईट झालं न्हवं, वाईट व्हनार व्हतं ते टळलं. त्याला शिव्या देऊ नगा. का उडाला ते इचारा." हे मला पटलं. पटलं आणि तरीही वेळ आली तेव्हा मी काय केलं, तीच तर सांगायची गोष्ट आहे.

त्या वर्षी नवरात्रात सासूबाईंना एक नवीनच सुचलं. घटापाशी नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवायचा, तो त्या तेलवातीचाच ठेवत आल्या होत्या. पण आदल्या वर्षी तिसऱ्या माळेला पहाटे त्यांचा डोळा लागला आणि दिव्यानं निरोप घेतला. त्यानंतर पुढच्या दोन महिन्यांत त्यांचा एकुलता एक भाऊ गेला. सासूबाईंनी कुणापाशी बोलून दाखवलं नाही, पण मनात त्यांनी ते दोन धागे गाठ मारून ठेवले होते. आता विजेचा दिवा होता. तेल नको, वात नको, डोळा लागायची भीती नको. शेजारच्या काकू नाक मुरडून म्हणाल्या, "अहो, बटणाचा दिवा देवाला चालतो का?" सासूबाई म्हणाल्या, "उजेड पडतो ना? मग दिवाच तो." काकूंना गप्प बसवणं त्यांना चांगलं जमायचं.

घट बसले, देवीच्या डोक्यावर छतातून लोंबणाऱ्या वायरीला दिवा, मागे लाल कापडाचं मखर. आणि रोजची माळ कुठे बांधायची? घटाच्या बरोबर वर येईल अशी जागा एकच, ती लोंबती वायर. सासूबाईंनी पहिली झेंडूची माळ तिला अडकवली. दुसऱ्या दिवशी दुसरी, ओली करून, म्हणजे ताजी राहील. तिसऱ्या माळेला फ्यूज उडाला.

मामू पुण्याला सामान आणायला गेले होते. मी पडवीत आले, फ्यूज काढला, हुंगला सुद्धा! करपट वास होता, पांढऱ्यावर काळं होतं. कुठंतरी तारेला तार भिडलीये, हे मला कळत होतं. पण आत सासूबाई घटासमोर बसून रडत होत्या. ही बाई मी कधी रडताना बघितली नव्हती. "गेला गं, पुन्हा गेला. आता कोण जातंय माझं?" म्हणत होत्या. आणि त्यांना आता उरलं होतं कोण? आमचे मास्तर. का उडाला ते विचारायला मला वेळ नव्हता. मामूंनी दिलेली बारीक तार बांधली. दिवा लागला. चौथ्या माळेला पुन्हा गेला. पुन्हा बांधली. पाचव्या माळेला फ्यूज पुन्हा उडाला तेव्हा सासूबाई जेवल्याच नाहीत.

मग मी माळ्यावरून, वीज बसवताना उरलेला तांब्याच्या तारेचा तुकडा काढला. सात पदरी. सगळे पदर एकत्र पिळले, अंबाड्यासारखा वळसा दिला, फिरकीच्या तांब्यासारखं आवळलं. काम अगदी मामूंच्या पसंतीचं झालं होतं, एवढी एक गोष्ट सोडली तर. दिवा लागला आणि लागलेला राहिला. सासूबाई जेवल्या. मी मामू परत आले की बदलून घेईन, असं मनाशी म्हटलं. मामू दुसऱ्या दिवशी परत आले, पण मला सांगायची लाज वाटली. म्हटलं, चारच तर दिवस राहिलेत.

सातव्या माळेला संध्याकाळची आरती चालली होती. आळीतल्या दहा-बारा बायका, मास्तर घंटा वाजवतायत, आणि देवीच्या डोक्यावर, ओल्या माळांनी भिजलेल्या वायरीतून, तडतड असा आवाज. निळी ठिणगी पडली, वायरीचं सुती कापड पेटलं, त्याची ठिणगी मखराच्या लाल कापडावर. बघता बघता ज्वाळा माळ्याच्या फळ्यांना चाटायला लागल्या. एकच कालवा झाला. काकूंनी पाण्याची कळशी उचलली.

"पाणी नगं! पाणी नगं!" पडवीतून मामूंचा आवाज आला. ते शेजारी दिवा बसवत होते, ओरडा ऐकून धावत आले होते. खाडकन मेन पडला. "आता घोंगडी! घोंगडं टाका कुणीतरी!" मास्तरांनी पहिल्यांदाच न घाबरता काहीतरी केलं, खुंटीवरची घोंगडी ओढून मखरावर टाकली आणि वर स्वतःच बसले. आग विझली. घट सुखरूप होता. मास्तरांचे हात भाजले होते, थोडेसेच.

सगळे पडवीत गोळा झाले. मामूंनी फ्यूज काढला. हुंगला नाही. नुसता बघितला. ती सात पदरी तार आणि तो वळसा. भोरात असा वळसा देणारी दोनच माणसं, एक ते आणि एक मी. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. सासूबाई पुढे झाल्या.

"मिस्त्री, फ्यूज असला की घर जळत नाही म्हणत होतास ना? मग हे काय झालं?"

मामूंनी फ्यूज खिशात टाकला. "माजी चूक, माई. तार जाड पडली माज्या हातनं."

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, उघडलं. पण समोर सासूबाई, पलीकडे हाताला तूप लावून घेणारे माझे यजमान आणि आळीतल्या झाडून साऱ्या बायका. उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

चार दिवसांत ही गोष्ट वीजखात्यात पोचली. मामूंचा परवाना काढून घेतला आणि कागदावर शेरा मारला, 'निष्काळजी'. ज्या माणसानं भर बाजारात लोकांचे खिळे आणि आकडे उंच धरून दाखवले, त्याच्याच नावावर जाड तार! चहावाल्याला तर उकळ्या फुटल्या. जो भेटेल त्याला सांगायचा, "माझा आरा दाखवत होता ना? घ्या आता!"

दसरा झाल्यावर मी बाजारात गेले तर मामू एका दुकानाच्या पायरीवर छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसलेले. अंगात कोट नव्हता. मला बघून उठून उभे राहिले.

"मास्तरांचं हात बरं हायती का? आनि दिवा? दिवा नीट लागतुया न्हवं?"

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "मामू, तुम्ही असं का केलंत?"

"मंग काय करायचं, सूनबाई? तुमाला त्या घरात ऱ्हायचंय." आणि खाली बसून पुन्हा छत्रीची काडी वाकवायला लागले.

वीजखात्याच्या साहेबांच्या मुलीचा त्या आठवड्यात भोंडला होता, आळीतल्या बायकांना बोलावणं होतं. मी गेले. फेर धरला, गाणी म्हटली, खिरापत ओळखायच्या वेळी मुद्दाम सगळं चुकीचं सांगत राहिले, म्हणजे लांबेल. बायका निघाल्या तरी मी भांडी आवरायच्या निमित्तानं मागे राहिले. साहेब आले. मी पदर खोचला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

साहेब हसले. "वहिनी, मिस्त्रीची दया आली असेल तुम्हाला. पण फ्यूज बांधणं हे काय बायकांचं काम आहे? उगाच कशाला आळ अंगावर घेता?"

म्हणजे बघा! इतके दिवस खरं बोलायचा धीर होत नव्हता आणि बोलले तर कुणी खरं धरेना. मला असा राग आला! मी तडक त्यांच्या पडवीत गेले, मेन पाडला, फ्यूज उपसला आणि पदराच्या गाठीला बांधला. घरात अंधार. साहेबांच्या बाई कंदील घेऊन धावत आल्या. मी त्या उजेडात फ्यूज उघडला, आणि बघते तर काय, आत ही जाड तार! दुहेरी!

"साहेब," मी म्हटलं, "ही कुणाची?"

साहेब तारेकडे बघत राहिले. बाईंनी हळूच खाली बघितलं. "भोंडल्याला दिव्यांची आरास केली ना... सारखा फ्यूज जात होता. मीच शिपायाला सांगितलं, काहीतरी टिकाऊ घाल म्हणून."

मी बारीक तार मागितली, त्यांच्यासमोर बसून बांधली, वळसा देऊन, आवळून, आणि मेन चढवला. आरासीचे दिवे काढा, घरचे तेवढेच लावा, असंही बजावून आले. बाई मागून आल्या आणि कुजबुजल्या, "मलाही शिकवाल का हो?"

दुसऱ्या दिवशी मामूंना परवाना परत मिळाला आणि सोबत एक चिठ्ठी. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा मामू पडवीत आले. कोट घातला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाचा बरं," म्हणाले.

मी वाचलं. चौकशीत असं आढळलं की जाड तार मिस्त्रींनी घातलेली नसून घरच्या बाईंनी, आणि पुढे माझं नाव, घातली होती. मिस्त्री निर्दोष आहेत. खाली साहेबांची सही.

"परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मग त्यांनी विचारलं, "ह्यात तुमचं नाव हाय?"

"आहे, मामू."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "साहेबाला कळलं, मला कळलं, बास झालं. ह्यो कागुद आता कुनाला दावायचा न्हाई."

मी म्हटलं, "अहो, पण गाव तुम्हालाच..." "गावाचं काय, गाव इसरंल," म्हणाले आणि निघाले.

पण गाव कसलं विसरतंय? आणि आमच्या सासूबाई तर नाहीच नाही. मामू पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे येत राहिले, काम सोन्यासारखं करत राहिले, आणि नवीन पाहुणा आला की सासूबाई त्याला त्यांच्यादेखत सांगायच्या, "हात चांगला आहे हो याचा, पण एकदा चुकला. याच्यापायी आमचं देवघर जळत होतं." मामू पडवीतून हसून म्हणायचे, "व्हय माई, चुकलो खरा." आणि मी आत चहा गाळत उभी असायची. एकदा नाही, पन्नास वेळा असं झालं असेल. दर वेळी ठरवायची, पुढच्या खेपेला बोलायचं. मधल्या काळात मला दोन मुलं झाली, घरात माझा शब्द चालायला लागला, सासूबाईंची भीती कधीच उरली नव्हती. तरी बोलले नाही. जितका उशीर होत गेला तितकं ते जड होत गेलं.

मामूंचं काम मात्र मी चालवलं, हे सांगायला हवं. ज्या घरांत त्यांना आत जाता येत नसे, तिथल्या बायका मला बोलवायला लागल्या. मामू पडवीत, मी आत. साहेबांच्या बाई तर अशा तयार झाल्या की बदली होऊन गेल्या तेव्हा मामूंच्या कोटाच्या बटणावरची वीतभर तार मागून घेऊन गेल्या. खिळे आणि आकडे कमी झाले. मामू म्हणायचे, "ह्या बायांनी माजं पोट मारलं." आणि खूश होऊन हसायचे.

स्वराज्य आलं, संस्थान विलीन झालं, त्याच वर्षीच्या थंडीत मामू गेले. फारसं आजारीही नव्हते. आठ-दहा दिवसांनी मामी आमच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या. सासूबाई तिथेच ऊन खात बसल्या होत्या. मामींनी माझ्या हातात घडीचा एक कागद ठेवला, घड्यांवर पार विरलेला.

"सूनबाईच्या हातात दे, दुसऱ्या कुनाला दावू नगं, आसं सांगून गेलं," त्या म्हणाल्या. "त्यात काय हाय, मला न्हाई म्हाईत."

"कसला गं कागद?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हणू शकले असते, काही नाही, जुनी पावती आहे. तोंडाशी आलंही होतं. पण मी तिथेच पायरीवर बसले आणि वाचलं. मोठ्यानं, एक शब्दही न गाळता, माझ्या नावासकट.

मामी तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला वाटलं, आता सासूबाईंचा भडका उडेल, आणि उडाला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अगं," त्या म्हणाल्या, "मग हे तो होता तेव्हा का नाही वाचलंस?"